मुलाला बंदूक भेट द्यायची आहे : परवाना, हस्तांतर आणि खंडेनवमी

दौलतगंजकर

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती असला तरी कायद्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इथे ग्वाल्हेरात आमच्याकडे बारा बोअरची दुनाली बंदूक आहे. ती मुळात माझ्या वडिलांची होती आणि १९९६ पासून माझ्या परवान्यावर चढलेली आहे. वडिलांनी त्या वेळी कलेक्टोरेटमध्ये कोणते कागद केले हे मला आठवत नाही. मला आठवते ती त्या वर्षीची खंडेनवमी. पाटावर लाल खण अंथरलेला होता, बंदुकीच्या दस्त्याला गंध-फूल वाहिले होते आणि पूजा झाल्यावर वडिलांनी ती उचलून माझ्या दोन्ही हातांत ठेवली होती. माझी आई आता ८४ वर्षांची आहे आणि तिचा आग्रह असा, की नातवालाही ती तशीच, त्याच पाटावरून, याच खंडेनवमीला मिळावी. मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि येत्या भाद्रपदात त्याला २१ पूर्ण होतील.

दुसरी गोष्ट अशी, की माझी धाकटी बहीण डॉक्टर आहे. तिचा दवाखाना भिंडच्या रस्त्यावर असून परतताना तिला रोज रात्र होते. माझ्या परवान्यावर एकच शस्त्र आहे आणि दोन चालतात, म्हणजे आणखी एकाला जागा आहे. तेव्हा त्यावर एक रिव्हॉल्व्हर घेऊन भाऊबीजेला तिला ओवाळणी म्हणून द्यावे, असे मनात आहे.

तिसरी गोष्ट माझ्या डॅलसच्या आतेभावाची. तो म्हणतो, ‘आमच्याकडे वाढदिवसाला बंदूक देतात, तुम्ही उगाच घाबरता. मीच येताना एक पिस्तूल घेऊन येतो.’

वस्तू माझी, पैसे माझे आणि घेणारे माझ्या रक्ताचे. मग अडचण कुठे येते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त नाझर

दौलतगंजकर, मी दुसऱ्या एका जिल्ह्यात कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत अकरा वर्षे काढली आहेत, तेव्हा कागदाच्या बाजूने सांगतो.

तुमचे शेवटचे वाक्य आहे ना, ‘वस्तू माझी, पैसे माझे’, तीच अडचण आहे. भांडी, दागिने किंवा मोटार यांच्या बाबतीत मालक कोण हा प्रश्न मोठा असतो, पण १९५९ चा शस्त्र अधिनियम मालकी जवळजवळ विचारतच नाही. तो विचारतो की शस्त्र कोणाच्या ताब्यात आहे आणि त्या माणसाकडे स्वतःच्या नावाचा परवाना आहे की नाही. कलम ३ चा सारा अर्थ एवढाच आहे. त्यामुळे तुम्ही बंदूक विकली, उसनी दिली, भाड्याने दिली की प्रेमाने दिली, याने फरक पडत नाही. कलम २ मध्ये ‘हस्तांतर’ या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात भाड्याने देणे, उसने देणे, नुसते देणे आणि ताबा सोडणे या सगळ्याच गोष्टी नाव घेऊन आल्या आहेत. पाटावरून उचलून मुलाच्या हातात कायमची दिलेली बंदूक हे कायद्याच्या भाषेत हस्तांतरच होते.

आता हस्तांतर करताच येत नाही असे मात्र नाही. कलम ५ च्या पोटकलम २ मध्ये खाजगी माणसाला सवलत दिली आहे. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र तो विक्रीचा परवाना नसतानाही दुसऱ्याला देऊ शकतो, मात्र घेणारा ते बाळगण्यास पात्र असला पाहिजे. याशिवाय जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारीला, कोणाला द्यायचे त्याच्या नावपत्त्यासह, आधी लेखी कळवावे लागते आणि तसे कळवल्यापासून निदान ४५ दिवस जावे लागतात. माझ्या टेबलावर येणाऱ्या दहांतल्या आठ माणसांना हे ४५ दिवस ठाऊक नसत. ते पेढे घेऊन येत, आणि बंदूक आधीच मुलाच्या खोलीत पोचलेली असे.

मुलाच्या बाबतीत पहिली भिंत वयाची आहे. कलम ९ प्रमाणे ज्याला २१ वर्षे पूर्ण झालेली नाहीत तो बंदूक बाळगू शकत नाही आणि अशा माणसाला ती देणाराही तितकाच दोषी ठरतो. (नेमबाजी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी सोय आहे, पण ती सरावापुरती असून घरी बंदूक ठेवण्यासाठी नाही.) भाद्रपदात ही भिंत ओलांडली, की पुढचा रस्ता तुमच्यासाठी बराच सरळ आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांतील नियम २५ वारसांच्या परवान्याविषयी आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर तर वारसाला अर्ज करता येतोच, पण परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, तो जिवंत असतानाही आपल्या कायदेशीर वारसाच्या नावे ते करून देण्याची विनंती करू शकतो. तुम्ही १९९६ पासून धरून आहात, म्हणजे २५ वर्षे केव्हाच झाली.

पण एक लक्षात ठेवा. हा नियम मुलाला अर्जाचा हक्क देतो, बंदूक देत नाही. मुलाला स्वतःचा अर्ज करावा लागेल, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावे लागेल, पोलिसांचा अहवाल यावा लागेल आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश निघेल. त्याच्या परवान्यावर बंदुकीचा क्रमांक चढला आणि तुमच्या परवान्यावरून उतरला, त्या दिवशी भेट दिली गेली असे समजा. पंचांग काढून बसलात तर भाद्रपद आणि खंडेनवमी यांच्यात हे सारे मावणार नाही, हे मी आजच सांगतो.

फालका बाजार

नाझरसाहेबांनी नियम सांगितला, मी नियम मोडल्यावर काय होते ते सांगतो. आमच्याच घरातले आहे, म्हणून गावाचे आणि ठाण्याचे नाव लिहीत नाही.

थोरल्या काकांनी २०१४ मध्ये पुण्याला मुलीकडे राहायला जाताना आपली एकनाली चुलतभावाला दिली, कारण शेती तो पाहत होता आणि रानडुकरांचा त्रास होता. परवान्याच्या वहीची झेरॉक्सही दिली आणि म्हणाले, ‘कोणी विचारले तर ही दाखव.’ नऊ वर्षे कोणी विचारले नाही. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत आचारसंहिता लागली, तेव्हा आपल्याकडे नेहमी होते तसे परवान्यावरची शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघाले. चुलतभाऊ सरळ मनाचा. बंदूक चादरीत गुंडाळून तो स्वतःच ठाण्यात घेऊन गेला. ठाण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या मुन्शीजींनी झेरॉक्स उलटसुलट केली, फोटोवर बोट ठेवले आणि विचारले, ‘हे तुम्ही आहात का?’ त्याने सांगितले की हे काका आहेत. मुन्शीजींनी दुसरा प्रश्न विचारला नाही, जमा पावतीचे पुस्तक बाजूला सरकवले आणि जप्तीचा कागद पुढे ओढला.

आज बंदूक ठाण्याच्या मालखान्यात (जप्त वस्तूंच्या कोठडीत) आहे, चुलतभावावर खटला आहे, काकांनाही नोटीस आली आहे आणि त्यांचा परवाना निलंबित आहे. चोरी नाही, गोळी नाही, भांडण नाही. एका काकाने पुतण्याला बंदूक दिली एवढेच झाले.

दौलतगंजकर

बापरे. म्हणजे परवान्याच्या झेरॉक्सला काहीच किंमत नाही? आमच्याकडे तर मी बाहेरगावी असलो की कपाटाची किल्ली बायकोकडे असते.

खंडपीठाजवळ

मी वकिली करतो, पण हा सल्ला नव्हे, चर्चा समजावी.

परवाना हा वाहनाच्या नोंदणीपुस्तकासारखा नाही, की ज्याच्या हातात गाडी त्याच्या हातात कागद असला की भागले. तो माणसाला चिकटलेला असतो. कलम ३ मध्ये एक अपवाद आहे, आणि लोक तोच ताणून धरतात. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसरा माणूस शस्त्र नेऊ शकतो, पण ते दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी. ‘काकांनी सांभाळायला दिली’ हे यांपैकी कशातच बसत नाही.

शिक्षेचे म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीने चित्र पालटले आहे. कलम ५ मोडून शस्त्र विकणे किंवा हस्तांतरित करणे याला पूर्वी तीन ते सात वर्षांची कैद होती, आता ती किमान सात वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत आहे. हे कलम अवैध कारखाने आणि टोळ्यांसाठी कडक केले गेले, काकांसाठी नव्हे, हे मान्य. पण कलमाच्या शब्दांत काका आणि टोळी असा भेद नाही, तो भेद पुढे न्यायालयात सिद्ध करत बसावा लागतो. याखेरीज कलम २९ वेगळेच आहे. समोरचा माणूस शस्त्र बाळगण्यास पात्र आहे की नाही याची आधी खात्री न करता त्याच्या ताब्यात ते देणे हाच गुन्हा आहे. म्हणजे ‘मला वाटले त्याच्याकडे परवाना असेल’ हे उत्तर चालत नाही. परवाना हातात घेऊन पाहावा लागतो. दिलासा एवढाच, की कलम ३ च्या गुन्ह्यासाठी खटला भरण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते आणि फालका बाजार यांच्या चुलतभावाच्या वकिलाने तो कागद पहिल्यांदा पाहावा.

किल्लीविषयी मात्र सरळ सांगतो. बंदूक कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे, याचा अर्थ ताबा कोणाचा यावर न्यायालयांत पुष्कळ कीस पडलेला आहे. तो आपल्या घरावर पाडून घेण्याचे कारण नाही. बाहेरगावी जाताना किल्ली स्वतःजवळ ठेवा. फार दिवस जाणार असाल तर अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करून पावती घ्या.

मोतीझील

दौलतगंजकर दादा, तुमच्या बहिणीच्या जागी तीन वर्षांपूर्वी मी होते, म्हणून लिहिते.

माझ्या भावाच्या मनातही अगदी हेच आले होते. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने ‘निर्भीक’ हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर काढले. ते साधारण अर्धा किलो वजनाचे असून बायकांच्या पर्समध्ये मावेल अशी त्याची जाहिरात झाली होती. भावाने त्याचे कात्रण जपून ठेवले होते. तो म्हणाला की माझ्या परवान्यावर घेतो, तुझ्याजवळ राहू दे. सुदैवाने विक्रेता अनुभवी होता. त्याने विचारले की वापरणार कोण, आणि भावाने खरे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘मग बाईसाहेबांनाच परवाना काढू द्या, मी आज तुम्हाला विकले तर उद्या आपण तिघेही एकाच बाकावर बसू.’

मग मी स्वतः अर्ज केला. रिव्हॉल्व्हरसाठी अर्ज आणि दुनालीसाठी अर्ज यांत फरक आहे, हे मला तिथे कळले. वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची, गुळगुळीत बोअरची (म्हणजे नळी आतून गुळगुळीत असलेली) बंदूक संरक्षणासाठी मागितली तर कायद्याचा कल ती देण्याकडे आहे. रिव्हॉल्व्हरसाठी मात्र ‘सबळ कारण’ पटवावे लागते. मी दवाखान्याच्या वेळा, रस्त्याचा नकाशा आणि आधी केलेल्या दोन तक्रारींच्या प्रती जोडल्या. पोलीस घरी आले, शेजारी विचारले, सासूबाईंना विचारले. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि हिला डासही मारवत नाही असे सांगितले, त्यामुळे अहवालात काय लिहिले गेले असेल याची मला बरेच दिवस धास्ती होती.

परवाना आला तो माझ्या नावाचा, राष्ट्रीय नोंदणीच्या ओळख क्रमांकासह. त्यानंतर दुकानात बिल माझ्या नावाने झाले, क्रमांक माझ्या परवान्यावर चढला आणि पैसे भावाने दिले. भाऊबीजेला ताटात त्याने दुकानाच्या बिलाची घडी ठेवली. एवढीच भेट कायद्यात बसते, असे मला वाटते. शस्त्र ज्याचे त्यानेच घ्यावे, आणि द्यायचेच असेल तर पैसे द्यावेत. आणि दादा, बहिणीला आधी विचारलेत का? मला भावाने विचारायला आठ महिने लावले होते.

दौलतगंजकर

मोतीझील ताई, खरे सांगायचे तर विचारलेले नाही. आज रात्रीच फोन करतो.

डॅलसचा आतेभाऊ

धाग्याचा दुवा भावानेच पाठवला, तेव्हा आरोपीने स्वतः हजर राहिलेले बरे.

अमेरिकेत बंदूक भेट देता येते हे खरे, पण मी फोनवर ज्या सुरात सांगितले तितके ते सोपे नाही, हे आता नियम पुन्हा वाचून कबूल करतो. दुकानातून घेताना ४४७३ क्रमांकाचा संघीय फॉर्म भरावा लागतो आणि त्यात शपथेवर विचारतात की खरा खरेदीदार तुम्हीच आहात का. स्वतःच्या पैशाने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, खरोखर भेट देण्यासाठी घेत असाल तर ‘हो’ हे उत्तर खरे ठरते. मात्र दुसऱ्याने पैसे दिले आणि त्याच्यासाठी तुम्ही काउंटरवर उभे राहिलात, तर तुम्ही नुसते प्यादे असता आणि ते उत्तर खोटे ठरते. अब्राम्स्की नावाच्या एका माजी पोलिसाने व्हर्जिनियात आपल्या काकांसाठी पिस्तूल घेतले होते. काकांनी ४०० डॉलरचा चेक आधीच पाठवला होता. काका स्वतः बंदूक बाळगण्यास पूर्ण पात्र होते, पेन्सिल्व्हेनियात ती रीतसर दुकानदारामार्फत त्यांच्या नावे झालीही, तरी फॉर्मवरचे उत्तर खोटे ठरले. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा कायम केली. २०२२ च्या कायद्यानंतर तर बंदूक बाळगण्यास मनाई असलेल्यासाठी किंवा ती गुन्ह्यात वापरणाऱ्यासाठी जाणूनबुजून अशी खरेदी करणे हा स्वतंत्र गुन्हा झाला असून शिक्षा साधारणपणे १५ वर्षांपर्यंतची आहे.

म्हणजे पाहा, दोन्हीकडे काका-पुतणेच अडकले, पण उलट्या बाजूंनी. तुमच्याकडे मोतीझील ताईंच्या भावाने पैसे दिले ते चालले, कारण परवाना आणि बिल त्यांच्या नावाचे होते. इथे पैसे कोणाचे यावरच सगळे फिरते. आणि भेट दुसऱ्या राज्यात राहणाऱ्याला द्यायची असेल तर ती परवानाधारक दुकानदारामार्फतच जावी लागते, टपालाने परस्पर पाठवता येत नाही. आपल्या मुलांसाठी आणखी एक महत्त्वाचे : एच-वन-बी सारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक बाळगण्यास मनाई आहे. माझ्या जावयाला मी गेल्या नाताळात शिकारीची रायफल देणार होतो. बायकोने स्वेटर आणला म्हणून वाचलो.

निवृत्त नाझर

आतेभाऊ, तुमचा प्रांजळपणा आवडला. आता ते पिस्तूल ‘येताना आणण्याचे’ राहिले, तेही उरकू. बंदूक सामानातून आणण्यास सर्वसाधारणपणे बंदीच आहे. कायमचे राहायला परत येणाऱ्याला एक शस्त्र आणण्याची सोय आहे, पण ते परदेशात निदान एक वर्ष त्याच्या ताब्यात आणि वापरात असले पाहिजे, परवानगी असलेल्या बोअरचे (नळीच्या मापाचे) असले पाहिजे, शुल्क भरले पाहिजे आणि इथला वैध परवाना हाती असला पाहिजे. त्यातही सीमाशुल्काची अट अशी, की असे शस्त्र त्या माणसाच्या हयातीत विकता, उसने देता किंवा मोबदल्याने वा मोबदल्याविना दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे तुम्ही आणले तरी दौलतगंजकरांना ते देता येणार नाही. शिवाय नऊ मिलिमीटरचे असेल तर ते आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि जिल्ह्याच्या हातात तो विषयच राहत नाही.

थाटीपूर

मधेच एक छोटी शंका. पुतण्याला छऱ्याची एअर रायफल द्यायची आहे, आणि आजोळच्या माळ्यावर एक टोपीदार (ठासणीची जुनी) बंदूक गंजून पडली आहे, ती शोभेसाठी मित्राला द्यायची आहे. यांनाही हे सारे लागू होते का?

निवृत्त नाझर

एअर रायफल .१७७ बोअरची आणि २० ज्यूलच्या आतली असेल तर परवाना लागत नाही, पण दुकानदार ओळखपत्र आणि वयाचा पुरावा घेईल आणि नोंद ठेवेल. त्याहून जोरदार असेल तर परवाना लागतो. टोपीदाराचे जरा जपून. जुन्या धाटणीचे, प्राचीन मोलाचे किंवा नादुरुस्त शस्त्र कायद्याच्या बाहेर असू शकते, पण ते वापरायचे नाही एवढे पुरत नाही, दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशी त्याची अवस्था असावी लागते. ती अवस्था तुम्ही, मी किंवा मित्राने ठरवायची नाही. शस्त्र शाखेला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत ती माळ्यावरून हलवू नका.

कंपूकर

सर्वांचे वाचले. पण मला यात अन्याय दिसतो तो स्पष्ट लिहितो. आपल्या शहरातल्या लष्कर या भागातल्या जुन्या घरांत शिंदेशाहीपासूनची शस्त्रे आहेत. २०१९ पूर्वी एका परवान्यावर तीन शस्त्रे चालत, मग ती दोनवर आणली आणि जादा शस्त्र वर्षभरात जमा करा म्हणाले. आमच्या वडिलांनी आजोबांची रायफल, स्वतःची दुनाली आणि एक रिव्हॉल्व्हर यांतून काय सोडायचे यावर दोन महिने झोप घेतली नाही. मूळ विधेयकात तर एकच ठेवणार होते. वारशातही ही दोनची मर्यादा सुटत नाही. ज्यांच्याकडे बेकायदा गावठी कट्टे आहेत ते कुठे जमा करतात?

खंडपीठाजवळ

कंपूकर, भावना समजते, पण दोन मुद्दे वेगळे करा. मर्यादा माणशी आहे, घराशी नाही. वडिलांचे तिसरे शस्त्र मुदतीतच तुमच्या किंवा भावाच्या परवान्यावर, पात्रता असल्यास, रीतसर करून देता आले असते. मला भेटलेल्या अनेक घरांत अडचण कायद्यापेक्षा याची होती, की मुलांपैकी कोणीही आधी परवाना काढलेला नव्हता आणि सगळा भार म्हाताऱ्याच्या वहीवर होता. कट्टेवाल्यांविषयी तुमचे म्हणणे खरे आहे. पण कट्टा आणि परवाना नसलेल्या पुतण्याच्या हातातली परवान्याची बंदूक यांत जप्तीच्या पंचनाम्यात एका ओळीचाच फरक असतो.

कंपूकर

तो एका ओळीचा फरक आमच्या वडिलांना कोणी समजावून सांगावा. असो. रायफल जमा केली. पावती त्यांनी देवघरात ठेवली आहे.

फालका बाजार

परवाने काढायचे म्हणता, पण आपल्या ग्वाल्हेरात २०१९ मध्ये अर्जदारांना आधी झाडे लावायला सांगितले होते, आणि वर्षाअखेर गोशाळेसाठी दहा घोंगड्या. आमच्या गल्लीतल्या एकाने लावलेला कडुनिंब आता दुमजली झाला आहे, परवाना अजून यायचा आहे.

दौलतगंजकर

कळवायला उशीर झाला, क्षमस्व. खंडेनवमी होऊन गेली.

बहिणीला विचारले. ती म्हणाली, ‘दादा, मला रिव्हॉल्व्हर नको, दवाखान्याच्या दारात एक दिवा आणि रात्री येताना कोणी सोबत असलेले हवे.’ तेव्हा तो विषय तिथेच संपला आणि ड्रायव्हरचा पगार मी देतो आहे.

मुलाचे असे झाले. त्याचा २१ वा वाढदिवस झाल्यावर दुसऱ्याच सोमवारी त्याचा अर्ज भरला, सोबत माझे संमतिपत्र आणि १९९६ पासूनच्या नूतनीकरणांच्या प्रती जोडल्या. हस्तांतराची लेखी सूचना वेगळी दिली आणि तिच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. ४५ दिवस त्या शिक्क्यापासून मोजायचे, हे खिडकीवरच्या बाबूंनीच सांगितले. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळाले आहे, पोलिसांचा अहवाल अजून यायचा आहे.

आईला हे समजावणे सर्वांत अवघड गेले. ती एवढेच म्हणत राहिली, की तुझ्या वडिलांनी तर दिली होती. शेवटी जुनी पेटी उपसली, तेव्हा वडिलांच्याच अक्षरातला, दंडाधिकाऱ्यांना लिहिलेला अर्ज सापडला. त्यावरची तारीख खंडेनवमीच्या चार महिने आधीची होती. म्हणजे पाटावरची ती भेट कागद पुरा झाल्यावरचीच होती, मला फक्त पाट आठवत राहिला.

या खंडेनवमीला बंदूक पाटावर होती, पूजा झाली आणि ती माझ्याच हाताने कपाटात परत गेली. मुलाच्या हाती आईने वडिलांचा काडतुसांचा चामडी पट्टा दिला. तो तरी द्यायला हरकत नसावी, असे आम्ही धरले.

निवृत्त नाझर

पट्ट्याला हरकत नाही. पण त्याच्या घरांत एखादे जिवंत काडतूस राहिलेले नाही ना, ते बोट घालून पाहिलेत का? काडतुसालाही परवाना लागतो.

दौलतगंजकर

आत्ता पाहिले. चामडे आखडून घट्ट झाले होते, म्हणून वरून दिसत नव्हते. बक्कलकडून तिसऱ्या घरात एक निघाले. पितळी तळ हिरवा पडलेला आहे. माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावले आहे, आणि उद्या त्याचे काय करायचे ते विचारायला शस्त्र शाखेत जातो.